गाडी लंगडू लागली तर: जुन्या पिकअपच्या इंजिनातला बिघाड कसा शोधावा



आपल्या त्रैमासिकात वस्तीशाळा, आरोग्य शिबिरे, महिलांचे बचत गट यांच्या बातम्या नेहमी येतात. ही सगळी कामे जिच्यामुळे वस्तीपर्यंत पोहोचतात, त्या पिकअपचे नाव मात्र कधी छापून येत नाही. गेल्या पावसाळ्यात तिने आम्हाला चांगलेच अडवले. त्या वेळी बिघाड ज्या पद्धतीने शोधला, ती पद्धत जुनी गाडी वापरणाऱ्या इतर केंद्रांनाही उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे. जालना केंद्रातील वाहन आणि भांडार या दोन गोष्टी माझ्याकडे आहेत.

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. आमच्या फेऱ्या जास्त करून भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांत, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडच्या भिल्ल वस्त्यांवर होतात. महिन्यातून दोनदा अंबड-घनसावंगीकडे पारधी बांधवांच्या पालांवरही जाणे असते. डांबरी सडकेपर्यंत कोणतेही वाहन येते. खरी परीक्षा त्यापुढच्या काळ्या मातीच्या वाटेवर असते. राज्यात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू आहे आणि तिचा मोठा आधार आहे, पण पाऊस लागला की ती सडकेवरच थांबते. वस्तीपासून सडकेपर्यंत अडलेल्या बाईला आणायचे तर आपली डबल केबिनची पिकअपच लागते. मागच्या हौद्यात आम्ही माणसे बसवत नाही. तिथे औषधांच्या पेट्या, धान्य आणि वह्या-पुस्तके असतात. क्षयरोगाच्या रुग्णाला सहा महिने न चुकता गोळ्या घ्याव्या लागतात. गाडी बंद पडली की कोणाच्या तरी गोळ्यांमध्ये खंड पडतो.

श्रावणात गाडी लंगडू लागली. जागेवर उभी असताना बोनेट थरथरायचे, चढ आला की दम टाकायची आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी आवाज ऐकून सांगितले की इंजिन खोलावे लागेल, रिंग-पिस्टन बदलावे लागतील. खर्चाचा आकडा आमच्या कित्येक महिन्यांच्या औषधखर्चाएवढा होता. तेव्हा आमचे ड्रायव्हर मामा म्हणाले, "दादा, इंजिन खोलायच्या आधी कोणतं सिलिंडर मेलंय तेवढं तरी बघू की." एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका मंडळीत येतात. त्यांना बोलावले. त्यांनी दोन सकाळी खर्ची घातल्या आणि प्रत्येक पायरी समजावून सांगत बिघाड शोधून दिला. पुढे लिहिले आहे ते त्यांच्याकडून शिकलेले, आणि नंतर गाडीचे पुस्तक वाचून पडताळलेले.

मिसिंग म्हणजे नेमके काय

मिस्त्री म्हणतात, "गाडी मिसिंग करते." आपण म्हणतो, गाडी लंगडते. दोन्हींचा अर्थ एकच: चार सिलिंडरांपैकी एक आपल्या वाट्याचे काम करत नाही.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते. साधारण अठरा भाग हवा एका भागाच्या जागेत कोंबली जाते, त्यामुळे ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. सायकलचा पंप मारताना त्याची नळी गरम होते, तोच हा प्रकार. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलची बारीक फवारणी करते आणि डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 मध्ये असे इंजिन यशस्वी करून दाखवले. तत्त्व आजही तेच आहे.

यातून एक सोपी गोष्ट निघते. सिलिंडरला काम करायला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, ती दाबून धरण्याची ताकद म्हणजे कॉम्प्रेशन, आणि योग्य वेळी डिझेलची नीट फवारणी. सिलिंडर मेले तर या तिघांपैकी काहीतरी कमी पडले आहे. बाकी सगळा तपास म्हणजे यातले काय कमी पडले ते शोधणे.

इंजिन स्लोवर मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर चार सिलिंडर मिळून मिनिटाला 1600 वेळा धक्का देतात. एक मेले की 1200 उरतात, आणि दर चौथ्या धक्क्याच्या जागी पोकळी येते. तीच थरथर आपल्याला सीटवर जाणवते. उरलेली तीन सिलिंडरे चौथ्याचे ओझे ओढतात म्हणून डिझेल जास्त लागते आणि चढावर दम लागतो.

आधी विचारा, मग पाना उचला

काकांनी पहिला अर्धा तास गाडीला हातही लावला नाही. ते मामांना प्रश्न विचारत राहिले. हे प्रश्न कोणालाही विचारता येतात.

लंगडणे एकसारखे आहे की अधूनमधून? ठराविक ठेक्यात असेल तर बहुधा एकच सिलिंडर दोषी आहे. कधी होते, कधी थांबते असे असेल तर डिझेलच्या लाईनमध्ये हवा किंवा पाणी असण्याचा संशय घ्यावा.

थंड असतानाच होते की गरम झाल्यावरही? पहाटे गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर आणि लंगडणे, मग सगळे ठीक, असे असेल तर एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमजोर होत आले आहे असे समजावे.

फक्त ओझ्याखाली होते का? स्लोवर ठीक आणि चढावर दम लागत असेल तर डिझेल फिल्टर किंवा एअर फिल्टर तुंबलेला असू शकतो.

आणि याच्या आधी काय घडले होते? टाकी रिकामी झाली होती का, फिल्टर बदलला होता का, ड्रममधले डिझेल भरले होते का?

धुराचा रंगही बोलतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाणी. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. आमचा धूर पांढरा होता, त्याला डिझेलचा उग्र वास होता आणि लंगडणे ठराविक ठेक्यात होते. मिसिंग सुरू झाले ते सलग चार दिवस पाऊस पडल्यावर. ही शेवटची गोष्ट मामांना विचारल्यावरच आठवली.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी, हा नियम धरावा.

डिझेल फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. त्याखाली काचेचा ग्लास धरून तो थोडा ढिला करावा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ग्लासाच्या तळाशी वेगळे दिसते. आमच्या ग्लासात दोन बोटे पाणी आले.

एअर फिल्टर काढून उजेडात धरून पाहावा. आपल्याकडे उन्हाळ्याच्या धुळीत तो पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच तुंबतो.

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळ्यांवरून कोरडे फडके फिरवावे. जिथे ओल लागते तिथे गळती आहे. आणि जिथून डिझेल बाहेर येऊ शकते, तिथून इंजिन चालू असताना हवा आत ओढली जाऊ शकते. जोडावरचे तांब्याचे वायसर जुने झाले की हा दोष येतो. लाईनमध्ये हवा असेल तर फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू ढिला करून हातपंप मारावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी निव्वळ डिझेलची धार लागते. धार लागली की हातपंप मारता मारताच स्क्रू आवळावा.

आम्ही पाणी सोडले, हवा काढली. गाडी थोडी सुधारली, पण लंगडणे राहिलेच.

मेलेले सिलिंडर शोधणे

पंपापासून प्रत्येक नोझलकडे एक लोखंडी नळी जाते. चार सिलिंडर, चार नळ्या. इंजिन स्लोवर ठेवून एका नोझलच्या टोकावरचा नट अर्धा फेरा ढिला करावा. त्या सिलिंडरला जाणारे डिझेल बाहेर गळते आणि ते सिलिंडर तेवढ्यापुरते बंद होते. ते चांगले असेल तर इंजिनाचा आवाज लगेच पडतो आणि थरथर वाढते. नट आवळावा आणि पुढच्याकडे जावे. ज्या नटाने आवाजात काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच मेलेले आहे.

सिलिंडरची मोजणी पुढून, म्हणजे रेडिएटरच्या बाजूने करतात. आमचे पहिले, दुसरे आणि चौथे सिलिंडर बोलले. तिसरे गप्प राहिले.

नट न उघडताही अंदाज घेता येतो. थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांनी एक्झॉस्टच्या चारही फाट्यांवर पाण्याचे एकेक दोन थेंब टाकावेत. जिथे थेंब सर्वांत उशिरा वाळतो, ते सिलिंडर नीट जळत नाही. ही तपासणी नवख्या माणसाने करायलाही हरकत नाही.

इथे जीव सांभाळा

नट ढिला करण्याची पद्धत फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनासाठी आहे. जुने मिस्त्री अजूनही त्याला "मायको पंप" म्हणतात. बंगळुरूची 1951 मध्ये स्थापन झालेली ती कंपनी 2008 पासून बॉश या नावाने ओळखली जाते. बोनेटखालचे जुने नाव मात्र मिस्त्रींच्या तोंडी कायम आहे.

कॉमन रेल इंजिनाच्या गाडीत हा प्रयोग कधीही करू नये. त्या नळ्यांमध्ये हजार बारच्याही वर दाब असतो. देशभर 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. या काळातल्या आणि नंतरच्या डिझेल पिकअप बहुतेक कॉमन रेलच्याच असतात. त्याआधीच्याही काही आहेत, म्हणून गाडीचे पुस्तक पाहिल्याशिवाय पाना लावू नये.

जुन्या इंजिनातही नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडते. त्याच्या फवाऱ्यासमोर हात गेला तर डिझेल कातडीत शिरते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. पण आत मांस सडू लागते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाले तर हळद लावून थांबू नये. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि "डिझेल दाबाने आत गेले आहे" असे स्पष्ट सांगावे. काम करताना डोळ्यांवर चष्मा, नटाभोवती फडके, बाह्या आणि पदर आवरलेले, आणि जवळपास विडी-काडी नाही, हे नियम आमच्या शेडमध्ये भिंतीवर लिहिले आहेत.

नोझल, पंप की कॉम्प्रेशन

सिलिंडर सापडले की प्रश्न एक तृतीयांश उरतो. आमच्या तिसऱ्या नळीचा नट ढिला केल्यावर डिझेल जोरात उडत होते. म्हणजे पंप आपले काम करत होता. डिझेल आलेच नसते तर संशय पंपावर गेला असता.

मग काकांनी इंजिन बंद करून तिसऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर दुसऱ्यात आणि दुसऱ्याचे तिसऱ्यात बसवले. काढण्यापूर्वी आजूबाजूची माती घासून साफ केली आणि बसवताना खालचे तांब्याचे वायसर नवे घातले. गाडी सुरू केली तर तिसरे सिलिंडर बोलू लागले आणि दुसरे गप्प झाले. दोष इंजेक्टरबरोबर सरकला, म्हणून दोष इंजेक्टरचाच. दोष तिसऱ्यातच राहिला असता तर मात्र कॉम्प्रेशनकडे वळावे लागले असते.

ते कसे पाहायचे, तेही सांगतो. आधी टॅपेटचे अंतर फिलर गेजने तपासावे. अंतर कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि दाब निसटतो. हे दुरुस्त करायला फक्त वेळ लागतो, सुटे भाग लागत नाहीत. शेजारशेजारची दोन सिलिंडरे एकदम मेली असतील, किंवा थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, पाणी अंगावर उसळते. ऑइल भरण्याच्या झाकणातून धुराचे भपकारे येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. शेवटी डिझेलसाठीच्या गेजने चारही सिलिंडरचा दाब मोजून पुस्तकातल्या आकड्याशी ताडावा. हे सगळे झाल्यावरच इंजिन खोलण्याचे बोलणे योग्य ठरते.

आमचे इंजेक्टर शहरातल्या पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात टेस्टरवर लावले. चांगल्या नोझलमधून धुक्यासारखा फवारा येतो. आमच्या नोझलमधून थेंब गळत होते. नोझलची सुई आणि तिची बैठक यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असते. डिझेलच तिथे वंगणाचे काम करते. पाणी शिरले की वंगण जाते आणि गंज चढतो. नवी नोझल बसवली आणि गाडी पूर्वीसारखी चालू लागली. खर्च इंजिन खोलण्याच्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही.

पण काका तिथे थांबले नाहीत. "पाणी कुठून आलं ते सापडलं नाही तर पुढच्या पावसात पुन्हा हेच," असे ते म्हणाले. टाकीच्या झाकणाचे रबर उन्हाने तडकले होते आणि पावसाचे पाणी तिथून आत जात होते. एका रबरी रिंगेपासून सुरू झालेली गोष्ट इंजिन खोलण्यापर्यंत पोहोचणार होती.

पेट्रोल आणि नवी गाडी असेल तर

काही केंद्रांत जुनी पेट्रोल व्हॅन आहे. तिथे हवा, कॉम्प्रेशन आणि इंधनाबरोबर ठिणगीही लागते आणि बहुतेक वेळा दोष ठिणगीत असतो. इंजिन थंड आणि बंद असताना प्लग काढून पाहावेत. एखादा ओला किंवा काजळी धरलेला निघाला तर ते सिलिंडर संशयित. त्याचा प्लग शेजारच्यात घालून दोष सरकतो का ते पाहावे. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर फाटक्या प्लग वायरमधून निळी ठिणगी उडताना दिसते. त्या वायरला हात लावू नये.

नव्या गाड्यांमध्ये इंजिनाचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी-0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी-0302 म्हणजे दुसऱ्याचे, याप्रमाणे. पण यंत्र फक्त सिलिंडर सांगते. ते का मेले हे माणसालाच शोधावे लागते, आणि पायऱ्या त्याच असतात.

मुलांनी पाना हातात घ्यावा

या दोन सकाळी वसतिगृहातली भिल्ल आणि पारधी समाजाची मोठी मुले काकांभोवती उभी होती. तिसरे सिलिंडर पाण्याच्या थेंबावरून आधी ओळखले ते दहावीतल्या एका मुलाने. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काकांनी त्याला विचारले, "बाळा, कसं कळलं?" तो म्हणाला, "काका, बाकीचे थेंब लगेच उडाले, हा बसूनच राहिला."

दहावीनंतर आयटीआयमध्ये "मेकॅनिक डिझेल" हा एक वर्षाचा आणि "मेकॅनिक मोटर व्हेइकल" हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. राज्यात अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी जातीचा दाखला लागतो. ज्या कुटुंबांचे बिऱ्हाड दरवर्षी हलते, त्यांच्याकडे नेमका तोच नसतो. दाखल्याची धावपळ दहावीच्या निकालानंतर सुरू केली तर प्रवेशाची मुदत निघून जाते. म्हणून या वर्षी आम्ही नववीपासूनच कागद जमवायला सुरुवात केली आहे. आपल्या ओळखीत तहसील किंवा उपविभागीय कार्यालयाच्या कामाची माहिती असलेले कोणी असतील तर त्यांनी आम्हाला वाट दाखवावी.

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर आता एक जाड पुठ्ठा चिकटवला आहे. दर सोमवारी फिल्टरमधले पाणी सोडणे, पंधरा दिवसांनी एअर फिल्टर पाहणे, महिन्याला नळ्यांवरून कोरडे फडके फिरवणे आणि पावसाळ्याआधी टाकीच्या झाकणाचे रबर बदलणे, एवढेच त्यावर लिहिले आहे. काम केले की मामा तारीख टाकतात आणि सोबतचा मुलगा सही करतो. आपण दिलेल्या पैशांतला रुपया न तपासता इंजिनात जाऊ नये आणि वस्तीवरच्या कोणाच्याही गोळ्या चुकू नयेत, एवढ्यासाठी हा पुठ्ठा आहे. पावसापाण्यात गाडी हाकणाऱ्या सर्व ड्रायव्हर बांधवांची आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्या.